तळटीप : समाज आणि संवाद

* 'समाज माणसांचा नव्हे, संवादांचा बनतो' : जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान (१९२७–१९९८) यांचे सूत्र, मुख्य मांडणी १९८४च्या ग्रंथात. त्यांच्या मते माहिती, ती सांगणे आणि ती समजणे हे तिन्ही जुळले तरच संवाद घडतो. आणि अर्थकारण, राजकारण, कायदा या व्यवस्था प्रत्येक गोष्ट आपापल्या भाषेतच समजून घेतात. रामवाडी-पेण परिसरातील वाचकांना याचे उदाहरण ठाऊक आहे. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) भूसंपादनावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. शेतकऱ्याचा 'नाही' एकच. अर्थकारणाने त्यात मोबदल्याचा प्रश्न ऐकला, राजकारणाने सत्तेचा. कायद्याने? १८९४च्या भूसंपादन कायद्यात हरकती ऐकण्याची तरतूद होती (कलम ५अ), मतदानाची नव्हती; वैध-अवैधच्या भाषेत त्या मताला जागाच सापडेना. लुमान माणसाला व्यवस्थेच्या बाहेर, तिच्या परिसरात ठेवतात. जमीन जाणार असलेल्या माणसाबद्दल असे म्हणणे आम्हाला जड जाते. त्यांच्या सिद्धांताने शेतकऱ्यांचे म्हणणे कुठे अडले ते नेमके दिसते. न्याय कोणाच्या बाजूला होता, हे ठरवायला तो अपुरा आहे. – संपा.