याकूत घोडा : हिमप्रदेशातील सोबती
रशियाच्या ईशान्येकडील याकुतिया अर्थात साखा प्रजासत्ताक हा जगातील अतिथंड प्रदेशांपैकी एक. हिवाळ्यात येथील तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. तरीही याकूत जातीचे घोडे वर्षभर उघड्यावरच राहतात. ठेंगणी, भरदार शरीरयष्टी, अंगावरचे लांब व दाट केस आणि हिवाळ्यापूर्वी साठविलेली चरबी यांमुळे त्यांचा थंडीपासून बचाव होतो. खुरांनी बर्फ उकरून ते खालचे वाळलेले गवत खातात. पशुपालक कळपांची पाहणी करतात आणि अशक्त जनावरांना व गाभण घोड्यांना उन्हाळ्यात कापून ठेवलेला चारा पुरवितात.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, या घोड्यांचे पूर्वज १३ ते १५व्या शतकांच्या दरम्यान याकूत लोकांसोबत येथे आले. म्हणजेच काही शतकांतच त्यांनी या थंडीशी जुळवून घेतले.

मात्र थंडीपेक्षा अवेळी येणारी ऊब त्यांना अधिक घातक ठरते. वितळलेला बर्फ पुन्हा गोठला, की त्यावर कठीण थर धरतो. तो खुरांनी फुटत नाही आणि पायाखाली गवत असूनही कळपाची उपासमार होते. मांस आणि घोडीच्या दुधापासून बनणारे ‘कुमिस’ हे पेय यांसाठी याच कळपांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांनाही त्याची झळ पोहोचते.