वसईच्या कप्तानाची लेक

डिसेंबर 1534. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना लिहून दिली. तिच्यासोबत साष्टी आणि ठाणेही गेले. 1536 मध्ये या मुलखावर पहिला कप्तान नेमला गेला तो गार्सिया द सा, लढाया करून वर आलेला शिपाईगडी. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि 1549 मध्ये पदावर असतानाच वारला. लेक लिओनोर त्याने मानुएल द सोझा सेपुल्वेदा या सरदाराला दिली होती.

3 फेब्रुवारी 1552. हे कुटुंब ‘साओ जुआंव’ जहाजातून कोचीहून पोर्तुगालला निघाले. मिरी भरण्यात मोसम उलटत आला होता. शिडे जीर्ण झालेली, बदली जोड नाही. मिरी ठासून भरणाऱ्यांना शिडाच्या कापडाची चिंता वाटली नाही, याची चीड आजही येते.

8 जून, सकाळ. शिडे फाटलेली, सुकाणू मोडलेले. आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्याजवळ नांगर टाकला. लिओनोर आणि मुले पडावातून उतरली. तिसऱ्या खेपेला पडाव फुटला, माणसे बुडाली.

त्यानंतर दोर तुटला. जहाज तळाला आदळून दुभंगले. तासाभरात दोनाचे चार तुकडे झाले. चाळीसहून अधिक पोर्तुगीज आणि सत्तर गुलाम गेले.

7 जुलै. सुमारे 500 जण किनाऱ्याने उत्तरेकडे पायी निघाले. त्यांत निम्म्याहून जास्त गुलाम होते. हा प्रवास त्यांनी निवडलेला नव्हता.

काही महिन्यांनी, आजच्या मापुतोजवळ. तिथल्या वृद्ध, भल्या राजाला पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी नाव दिले होते गार्सिया द सा. इथेच राहा, पुढे लुटतील, असे तो विनवत राहिला. मानुएलने ऐकले नाही.

नदीपलीकडे त्याने तिथल्या लोकांना हत्यारेही देऊन टाकली. आता आपला घात झाला, हे लिओनोरने तिथेच बजावले. मग त्या लोकांनी तिच्या अंगावरची वस्त्रे ओरबाडली. ती झुंजली. शेवटी केसांनी अंग झाकून तिने वाळूत खड्डा केला आणि कमरेपर्यंत स्वतःला पुरून घेतले. तिथून ती उठली नाही.

पहिला दिवस. मानुएल रानफळे घेऊन परतला तेव्हा एक मुलगा गेला होता. त्याने तो हातांनी पुरला.

दुसरा दिवस. परतला तर लिओनोर आणि धाकटाही गेलेला. पाच दासी भोवती रडत होत्या. तो हनुवटीला हात लावून अर्धा तास बसला. रडला नाही, बोलला नाही. दासींच्या मदतीने दोघांना पुरून रानात शिरला, तो पुन्हा दिसला नाही.

25 मे 1553. मोझांबिकला पोचले 8 पोर्तुगीज, 14 गुलाम आणि 3 दासी. लिओनोरचा शेवट गोव्याला कळला तो तिच्याजवळच्या, जिवंत परतलेल्या दासींच्या तोंडून.