लुगडे: माळव्यातील एक मराठी वस्त्र

माळवी बोलीत ‘लुगडा’ म्हणजे घागऱ्यावर घ्यावयाची ओढणी. मराठीत ‘लुगडे’ म्हणजे अंगभर नेसावयाचे नऊ वारांचे, सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे वस्त्र. शब्द जवळजवळ एकच, वस्त्रे दोन. अठराव्या शतकात मराठे माळव्यात स्थिरावले, तेव्हा ही दोन्ही वस्त्रे एकमेकांशेजारी आली. 1737 च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडले, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. या फौजांमागून जे संसार आले, त्यांची नोंद मात्र मागावर शोधावी लागते.

अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरास आपले ठाणे केले आणि बाहेरून विणकर आणून तेथे वसविले, अशी परंपरा आहे. त्या विणकरांच्या हातून निघालेली महेश्वरी मुळात सुती व नऊवारी होती. काठांवर चटई, वीट, रुईफूल अशी नक्षी. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. हात निमाडातले, पण लांबी मराठी काष्ट्याने ठरविलेली! वस्त्राचा प्रांत माग ठरवितो, असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या मते नेसणारणीचे नेसणेही तो तितकाच ठरविते.

मात्र सकच्छ नेसणे केवळ आपलेच, असे जे अभिमानाने सांगितले जाते, ते खरे नव्हे. तमिळ ब्राह्मण स्त्रियांचे ‘मडिसार’ही नऊ वारांचे आणि सकच्छच असते. उलट आपल्याकडेही कोळणीचे गुडघ्यापर्यंतचे नेसणे निराळे आणि घोट्यापर्यंत येणारे ब्राह्मणी नेसणे निराळे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ राजधानी झाले आणि नागपुराहून कचेऱ्यांबरोबर मराठी कुटुंबे येथे आली. थोरल्या बायका नऊवारी नेसत, सुना पाचवारी. पुढे महेश्वरीही साडेपाच मीटरांवर आली.

आमच्या शाळेच्या संमेलनात मुली आता शिवलेली नऊवारी घालतात. ‘नेसतात’ असे म्हणवत नाही. ‘ओचा’ म्हणजे काय, हे त्यांतील एकीलाही सांगता आले नाही. तेव्हा एका विद्यार्थिनीच्या आजीबाईंना आम्ही वर्गात बोलाविले. त्यांनी आपले जुने महेश्वरी लुगडे उलगडले. ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरून वर हातभर उरले.