कागदी प्रमाणपत्रे आणि बिघडवलेला संगणक
१९९० च्या दशकात विंडोज एनटीचे सर्व्हर कार्यालयोकार्यालयी पोहोचले आणि ते सांभाळणाऱ्या प्रशासकांसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘एमसीएसई’ प्रमाणपत्र नोकरीचा परवाना ठरले. परीक्षा मात्र मुख्यतः पर्याय निवडण्याची. घोकंपट्टी काही फक्त आपल्याकडची नव्हे! उत्तरे पाठ करून उत्तीर्ण झालेल्यांची प्रत्यक्ष सर्व्हर बंद पडताच पाचावर धारण बसे. अशांना ‘कागदी एमसीएसई’ हे बोचरे नाव पडले.

१९९९ मध्ये रेड हॅटने लिनक्स-प्रशासकांसाठी ‘आरएचसीई’ परीक्षा आणली. सुरुवातीला तिच्यात बहुपर्यायी भागही होता. पण खरी कसोटी निराळी होती. उमेदवारापुढे मुद्दाम बिघडवलेला संगणक ठेवला जाई. तो दुरुस्त करणे, हाच प्रश्न. पुढे परीक्षा पूर्णतः प्रात्यक्षिक झाली. तिची एक अट कठोर आहे : केलेली रचना संगणक पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे, अन्यथा गुण नाहीत.