दहा, शंभर, हजार : मोडलेल्या टोळ्यांची नवी मोजदाद

१/ इ. स. १२०२. तातार टोळीचा पराभव झाल्यावर तेमुजिनने आप्तस्वकीयांची मसलत बोलावली. ठरले ते असे : गाड्याच्या आसाच्या खिळीपेक्षा उंच असलेला प्रत्येक तातार पुरुष मारावा, उरलेल्यांना गुलाम म्हणून वाटून घ्यावे. जिंकलेल्या टोळीचे काय करायचे, या प्रश्नाचे हे सर्वांत क्रूर उत्तर होते. परंतु प्रत्येक टोळीची अशी कत्तल केली, तर साम्राज्याचे सैन्य उभे राहणार कोणाच्या बळावर?

२/ चार वर्षांनी, १२०६ मध्ये, ओनोन नदीच्या उगमापाशी कुरुलताई भरली. तेमुजिन आता चंगीझखान झाला होता. त्याने आपली प्रजा पंचाण्णव ‘हजारां’त विभागली आणि त्यांवर सरदार नेमले. दहा जणांचा अर्बान, दहा अर्बानांचा जागुन, दहा जागुनांचा मिंगान; आणि त्यावर दहा हजारांचा तुमेन.

३/ ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे. चौदा शतकांपूर्वी श्योंग्नूंचा शासक मोदू याच्या राज्यातही हजार, शंभर आणि दहा जणांवरचे नायक होते, असे चिनी इतिहासकार सिमा चियान नोंदवतो. उत्तर चीनचे जुर्चेनही हजार-शंभरांतच मोजत.

४/ मग नवे काय होते? नवे होते ते या चौकटीत माणसे भरण्याची रीत. ओंगिरात, ओइरात यांसारख्या, आपणहून मैत्री केलेल्या टोळ्या बव्हंशी अखंड ठेवल्या गेल्या. मात्र केराईतांसारख्या पराभूतांना निरनिराळ्या हजारांत विखुरले. भाऊ एका तुकडीत, चुलता दुसऱ्या. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला आता कुळाचे नाव पुरेसे नव्हते. हजाराच्या सरदाराचे नाव सांगावे लागे.

५/ ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथातील दोन नोंदी येथे फार बोलक्या आहेत. देगेई हा मेंढपाळ. त्याला आज्ञा झाली, की कोणाच्याच नोंदीत नसलेली माणसे गोळा कर आणि त्यांचा हजार बांध. गुचुगुर हा सुतार. त्याच्यापाशी माणसे कमी पडली, तेव्हा इकडून-तिकडून थोडी थोडी काढून त्याचा हजार उभा केला. जन्माने मोठे नसलेले हे लोक हजारांचे धनी झाले. अर्थात हा आकडा क्वचितच तंतोतंत भरत असेल; ‘हजार’ हे मोजमापापेक्षा पदाचे नाव होते.

६/ आणि या चौकटीला दार नव्हते. नेमून दिलेला गट सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला देहान्त, त्याला आश्रय देणाऱ्यालाही शिक्षा, असे इराणी इतिहासकार जुवैनी सांगतो. १२४६ मध्ये मंगोल दरबारी पोहोचलेला पोपचा दूत कार्पिनी लिहितो, की दहांपैकी एकदोघे रणातून पळाले तर दहाही मारले जात. ज्याच्या भावाला याच सैन्याने मारले, असा तरुण आता शेजारच्या नऊ अनोळखी माणसांच्या प्राणांना जामीन होता, आणि ते नऊ त्याच्या. रक्ताच्या नात्याची जागा भयाच्या नात्याने घेतली, असे म्हणणे कठोर वाटेल. पण पहिल्या पिढीपुरते ते खरेच असावे.

७/ केवळ भयावर मात्र इतके मोठे राज्य चालत नाही. ‘हजार’ म्हणजे केवळ स्वार नव्हेत. त्यांची कुटुंबे, कळप आणि कुरणेही त्यातच आली. ओगेदेईच्या काळी दर शंभर मेंढ्यांमागे एक मेंढी त्याच गटातील गरिबांसाठी घेतली जाई. नायकाच्या निवडीबद्दल चंगीझखानाचे एक मत रशीदुद्दीन देतो, तेही मार्मिक आहे. एक वीर असा होता, की त्याला भूक, तहान, थकवा जाणवतच नसे; म्हणूनच तो नायक होण्यास अपात्र, कारण इतरांचे हाल त्याला कळणार नाहीत!

८/ पुढे हीच मोजदाद जिंकलेल्या मुलखांवर बसली. १२५७ मध्ये रशियाच्या सुझ्दल प्रांतात शिरगणती झाली, तेव्हा तिथेही दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांवरचे अधिकारी नेमले गेले.

९/ काळाचा विनोद असा, की टोळ्या मोडण्यासाठी बांधलेले गटच हळूहळू टोळ्या झाले. सरदारकी वंशपरंपरागत झाली आणि तुकडीचे नाव कुळाचे नाव बनले. अफगाणिस्तानातील हजारा समाजाचे नाव फारसीतील ‘हजार’वरून, म्हणजे मिंगानच्याच भाषांतरावरून आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तुर्कस्तानच्या सैन्यात आजही ‘ऑनबाशी’, ‘युझबाशी’, ‘बिनबाशी’ ही पदे आहेत : दहांचा, शंभरांचा, हजारांचा प्रमुख.

१०/ दिल्लीच्या तुर्की सुलतानांनीही दशमान उतरंड स्वीकारली होती. शंभरांच्या सरदारांना तेथे ‘अमीरान-इ-सदा’ म्हणत. मुहंमद तुघलकाच्या अखेरच्या वर्षांत माळव्यातील धार येथे यांच्यापैकी अनेकांची कत्तल झाली, आणि आता आपली पाळी, हे दौलताबादच्या अमीरांनी ओळखले. वेगवेगळ्या वंशांच्या या ‘शंभरां’ना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे त्यांचे पद. त्यांनी बंड केले, किल्ला घेतला, आधी इस्माईल मुख याला गादीवर बसवले. मग ३ ऑगस्ट १३४७ रोजी त्यांच्यातीलच हसन हा बहमनशाह म्हणून सुलतान झाला, आणि दख्खनमधील बहमनी राज्य सुरू झाले.