निजामिया वेधशाळा आणि विश्वाचा इतिहास

मन्नाएखेळ्ळी हे गाव पुणे-हैदराबाद मार्गावर, बीदर जिल्ह्याच्या ज्या भागात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकमेकींना भेटतात तेथे वसले आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला. या प्रांताचा इतिहास लिहिताना आपण बहमनी तख्त, पायगा जागिरी आणि मुक्तिसंग्राम यांची दखल घेतो, व ते योग्यच आहे. परंतु याच राज्यात आकाशाच्या मोजणीचा जो उद्योग चालला, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

या उद्योगाची पूर्वपीठिका जुनी आहे. कलबुर्गीच्या गादीवरील फिरोजशहा बहमनीने पंधराव्या शतकाच्या आरंभी दौलताबादजवळ वेधशाळा बांधावयास घेतली. पण हकीम हसन गिलानी याच्या मृत्यूमुळे ते काम अपुरे राहिले, असे फिरिश्त्याने नमूद केले आहे. एका विद्वानाबरोबर विद्येचे कार्यही संपावे, ही त्या काळाची मर्यादा होय.

पुढे 1901 मध्ये हैदराबादेत पायगा घराण्यातील नवाब जफर जंग यांनी खासगी वेधशाळा स्थापिली. चिटगुप्प्यासारखी बीदर जिल्ह्यातील ठाणी याच घराण्याच्या जागिरीत मोडत. नवाबांच्या निधनानंतर 1908 मध्ये ती संस्था निजाम सरकारने ताब्यात घेतली, आणि 1919 मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. गिलानीच्या बाबतीत जे घडले ते येथे घडले नाही. चॅटवुडनंतर पोकॉक आले, पोकॉकनंतर भास्करन आले. माणसे बदलली, काम चालू राहिले.

हे काम कोणते? 1887 मध्ये पॅरिस येथे अनेक देशांच्या ज्योतिर्विदांनी संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याचे ठरविले आणि आकाशाचे पट्टे वेधशाळांना वाटून दिले. दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांचा पट्टा हैदराबादने पत्करला, आणि नंतर उत्तरेकडील 36 ते 39 अंशांचाही. काचेच्या तबकड्यांवर उमटलेला एकेक ठिपका मोजून सात लक्षांहून अधिक ताऱ्यांची स्थाने 12 खंडांत प्रसिद्ध झाली.

अशा कंटाळवाण्या कष्टांतून विश्वाच्या उत्पत्तीचा शोध कसा लागावा, असे वाचकांना वाटेल. पण खगोलशास्त्राला प्रयोगशाळेत विश्व पुन्हा घडविता येत नाही. त्याला जुना प्रकाश वाचावा लागतो. जवळच्या ताऱ्यांची अंतरे त्यांच्या स्थानांतील सूक्ष्म बदलांवरून निघतात. त्या अंतरांवरून रूपविकारी तारे पारखले जातात. त्या ताऱ्यांवरून दीर्घिकांची अंतरे कळतात. याच मार्गाने हबलने 1929 मध्ये विश्वप्रसरणाचा नियम मांडला. 1965 मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या शोधाने प्रारंभीच्या तप्त अवस्थेचा पुरावा मिळाला. आज विश्वाचे वय सुमारे 13.8 अब्ज वर्षे मानले जाते. या साऱ्या इमारतीच्या तळाशी स्थाननिश्चितीच आहे.

हिपार्कस उपग्रहाने 1989 ते 1993 या काळात ताऱ्यांची नवी स्थाने मोजली. ती जुन्या छायाचित्र-सूचीतील स्थानांशी ताडून 2000 साली सुमारे 25 लक्ष ताऱ्यांच्या गती दाखविणारी टायको-2 सूची सिद्ध झाली. हैदराबादच्या तबकड्यांचे मोल त्या दिवशी नव्याने कळले, कारण शंभर वर्षांपूर्वीचे आकाश नव्या उपकरणाला पाहता येत नाही. ते कोणीतरी पाहून ठेवावे लागते.

राज्य गेले, सीमा बदलल्या, पण ती मोजणी टिकली. दक्षिणेच्या इतिहासात तिला तख्ताखालोखाल नव्हे, तख्ताच्या बरोबरीने स्थान मिळावयास हवे.