तान्ह्या बाळाचं इंजेक्शन आधी वजन, मग डोस
बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय, श्वास जोरात चाललाय, तर जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी जेंटामायसिन इंजेक्शन बऱ्याचदा दिलं जातं. त्याचा डोस किलोमागे ठरतो. दीड किलोच्या आणि तीन किलोच्या बाळाला एकच माप कसं चालेल? शिवाय तान्ह्या बाळाची किडनी कच्ची, औषध लघवीवाटे सावकाश बाहेर पडतं. साचलं तर किडनीला आणि कानाला धोका, कमी पडलं तर जंतू मरत नाहीत. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दोन डोसमध्ये २४ तासांहून जास्त अंतर ठेवतात. मोठ्या रुग्णालयात पुढच्या डोसआधी रक्त घेऊन औषध किती उरलंय तेही बघतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना बाळाचं वजन करायला आणि हे इंजेक्शन द्यायला शिकवलं. ऊब, श्वास, स्तनपान ही काळजी सोबत होतीच. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

मोठ्या भावंडाचं उरलेलं सिरप पाजू नका. १०८ ला फोन करा, बाळ छातीशी धरून न्या. मोखाड्याहून जव्हारला, तिथून पुढे पाठवलं, तर इंजेक्शन कुठलं, किती, किती वाजता दिलं हे कागदावर लिहून घ्या. पुढचा डोस त्यावरच ठरतो.